डाव्या अंगाचे नट

१४ ऑगस्ट १९५०, सोमवार

कालिंदी म्हणाली, "तुमची बडबड ऐकून माझे कान किटले. जे काय डोक्यात आहे ते वहीत लिहा आणि मला स्वयंपाक करू द्या." म्हणून ही वही. संस्थानच्या मोटारखान्यातली कोरी स्टोअर-वही आहे. संस्थान गेलं, वही राहिली. बावीस वर्षं मी त्या मोटारखान्यात स्टोअरकीपर होतो. संस्थान मुंबई राज्यात गेलं आणि नव्या सरकारला त्र्यंबक गोविंद कुरुंदवाडकराची गरज उरली नाही. दीड वर्ष राजारामपुरीतल्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालून फरशी झिजवली.

आज गाडी आली. पुण्याच्या लष्करी डिस्पोजलात, म्हणजे युद्धातल्या उरल्या मालाच्या विक्रीत, घेतलेली डॉज लॉरी, तीन टनी. दुसऱ्या एका लॉरीच्या मागं साखळी लावून दोन दिवस ओढत आणली. काय ध्यान ते! हिरवा रंग पापुद्रे सुटलेला, काचा फुटक्या, चालकाच्या सीटवर कबुतरांचा संसार. कालिंदीनं एकदाच बघितली आणि पदर तोंडाला लावला. हसली की रडली ते मी विचारलं नाही.

शाहूपुरीत स्टेशनच्या मागं दस्तगीर मिस्त्रीची पत्र्याची शेड आहे, तिथं ती उभी केली. दस्तगीरही आमच्या मोटारखान्यातलाच. बावीस वर्षं स्टोअरच्या खिडकीच्या अलीकडं मी आणि पलीकडं तो. तो आपल्या भाषेत काहीतरी मागायचा, मी कॅटलॉगात बघून खरं नाव लिहायचो आणि वस्तू द्यायचो. आता निम्मी निम्मी भागी ठरलीय. पैसा माझा, हात त्याचे. माझं जे होतं ते सगळं या भंगारात घातलंय.

२० ऑगस्ट, रविवार

इंजिनाचं डोकं उघडलं. आत तेलात पाणी. हवेच्या जाळीत उंदरांचं घरटं, पिल्लांसकट. दस्तगीर म्हणाला, "हे ब्रह्मदेशातनं आल्यालं पावणं दिसत्यात." पिल्लं अलगद कागदावर घेऊन कुंपणापलीकडं सोडून आला. अशानं गाडी कधी व्हायची?

मी बाकावर बसून कॅटलॉग वाचतो. हाताला काम नसलं की माणसाचं डोकं फार चालतं. आज मला एक शोध लागला. डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टांच्या तोंडावर बारीक 'एल' हे इंग्रजी अक्षर ठोकलेलं आहे. मी दस्तगीरला बोलावून दाखवलं. म्हटलं, "बघितलंस का? एल म्हणजे लेफ्ट. डावी बाजू. गोऱ्यांची शिस्त बघ, बोल्टावरसुद्धा बाजू लिहून ठेवतात."

तो हसला. "लिवलं आसंल की, अण्णा. म्या कुठं साळंत गेलतो? पर येक सांगतो, ह्या गाडीचं डावं अंग उलट्या डोक्याचं हाय. मला इचारल्याबिगर तिकडं पाना लावू नगासा."

मिस्त्री लोकांची ही जुनी खोड. विद्या झाकून ठेवायची आणि गूढ बोलायचं. अंग उलट्या डोक्याचं म्हणे! मी तोंड उघडायच्या आत तो पुन्हा गाडीखाली गेला होता.

५ सप्टेंबर, मंगळवार

गॅस्केट मुंबईहून यायचं आहे. काही नाही. दिवस जात नाही.

कालिंदी म्हणते, "त्यांच्या डोक्यावर जाऊन बसत जाऊ नका. मिस्त्रींना काम करू द्या." मी बसतो कुठं? मी उभा असतो.

२७ सप्टेंबर, बुधवार

चालू झाली!

आकाराम हँडल मारत होता. आकाराम म्हणजे आमचा ड्रायव्हर, युद्धात असल्याच गाड्या चालवून आलेला, मूळचा वडणग्याचा, छाती अशी की सदऱ्याची गुंडी लागत नाही. दस्तगीर बॉनेटमध्ये कान घालून उभा. पहिल्या हिसक्याला नुसता खोकला. दुसऱ्याला धूर. तिसऱ्याला अशी काही धडधडली की शेडचे पत्रे वाजायला लागले आणि स्टेशनवरची कुत्री भुंकत आली. मला रडू आलं. खोटं कशाला लिहू, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. दस्तगीर ओरडला, "अण्णा, रडताय काय, नारळ आणा की!"

नारळ आणला. खोबरं वाटताना त्यानं पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. बावीस वर्षांत आम्ही एकमेकांच्या हातचं काही खाल्लं नव्हतं. मी खाल्लं.

१६ ऑक्टोबर, सोमवार

गुळाचे अडते गणपतराव यांच्याशी बोलणं झालं. दसऱ्याला पहाटे वखारीतला जुना गूळ भरून रत्नागिरीला जायचं. ते म्हणाले, "दुपारपातूर बंदरावर माल पोचला तर पाडव्यापास्नं सगळा हंगाम तुमच्या गाडीला. न्हाय पोचला तर राम राम." सगळं त्या एका खेपेवर आलंय. 

आणि दस्तगीरचं लक्ष नाही! यंदा नवरात्र आणि मोहरम एकदमच आलेत. संध्याकाळ झाली की हात धुऊन तो तालमीत. त्यांच्या तालमीचा मोहरमचा पंजा वीस वर्षं तोच उचलतो. तालमीत निम्मे मराठे, निम्मे मुसलमान, आणि सगळ्यांना त्याचाच हात लागतो. मी म्हटलं, "चार दिवस देव बाजूला ठेव." तो म्हणाला, "गाडी तयार हाय, अण्णा. तुमीच तयार न्हाय."

१९ ऑक्टोबर, गुरुवार. खंडेनवमी.

सकाळी हत्यारांची पूजा केली. दस्तगीरनं स्वतः सगळे पाने, हातोड्या, जॅक रॉकेलनं धुऊन, पुसून, घोंगडीवर ओळीनं मांडले. गाडीतली हत्यारंसुद्धा त्यातच. कालिंदीला म्हणाला, "वैनी, हळदकुकू तुमच्या हातनं." तिनं एकेका पान्याला बोटं लावली, झेंडू वाहिला, वाकून नमस्कार केला. आकारामनं नारळ फोडला. त्याचा भाऊ ज्ञानू चाकांखाली लिंबं ठेवत होता. शेवटी दस्तगीरनं सगळ्यांना बजावलं, "आता उद्या उजाडस्तवर हत्याराला कुनी शिवायचं न्हाय. वरीसभर राबत्यात, आज त्यांचा इसाव्याचा दिस." मग तो तालमीत गेला.

दुपारी गूळ भरला. सगळे घरी गेले. मला घरी करमेना. पाच वाजता पुन्हा शेडवर आलो, गाडीभोवती फिरलो. मनात आलं, चाकांचे नट बघितलेत का कुणी? आंबा घाट आहे पुढं. दस्तगीर म्हणाला होता परवाच आवळलेत, पण परवा त्याचं अर्धं मन पंज्यात होतं. आपण बघितल्याशिवाय मला चैन पडेना.

तर लिहितो, या वहीला काय, तिला कान नाहीत. मी घोंगडीवरचा चाकाचा पाना उचलला. खंडेनवमीला. कुरुंदवाडकरांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल. पण गाडी दरीत गेल्यावर देव काय सांभाळणार होता?

आणि बरं झालं बघितलं! उजव्या बाजूचे नट पक्के, जागचे हलेनात. डाव्या बाजूचे मात्र सगळेच्या सगळे फिरले. पायानं जोर दिला की कुईं करायचे आणि फिरायचे. पुढच्या चाकाचे, मागच्याही. म्हणजे मिस्त्रीनं एक बाजू आवळली आणि दुसरीकडं गेलाच नाही! "डाव्या अंगाला पाना लावू नका" म्हणत होता ते यासाठी होय? प्रत्येकाला अर्धा अर्धा वेढा दिला. जास्त आवळून आटे जायला नकोत, एवढं मला कळतं.

पाना जागेवर ठेवला, फुलं सारखी केली. हळदकुंकू थोडं पुसलं गेलं होतं. ते काही कुणी बघत नाही. कालिंदीला सांगितलेलं नाही, उगाच डोळ्यांत पाणी आणेल. दस्तगीरलाही नाही. सणाचा दिवस आहे, त्याला कशाला लाजवायचं?

आज बरं वाटतंय. पहिल्यांदा या गाडीला माझा हात लागला.

२१ ऑक्टोबर, शनिवार

काल लिहिता आलं नाही. 

गाडी पहाटे गेली. उजाडलं नव्हतं, हत्यारं पूजेतच होती, म्हणून आकारामनं नट बघितले नाहीत. ज्ञानूनं सांगितलं होतं, हत्यारं दुपारच्या एसटीनं पाठवतो. दुपारी एसटीचाच ड्रायव्हर निरोप घेऊन आला. बांबवड्याच्या पुढं डावं पुढचं चाक निखळून शेतात गेलं आणि गाडी खड्ड्यात कलंडली. गूळ पाण्यात. आकारामचा उजवा पाय खाली सापडला, मांडीत दोन ठिकाणी मोडला. घाटात झालं असतं तर माणूस हाती लागला नसता.

मी आणि दस्तगीर मिळेल त्या लॉरीनं गेलो.  तिथं पोचल्यावर आधी आकारामला दवाखान्यात पाठवलं. मग दस्तगीर त्या उघड्या चाकाच्या जागेपाशी उकिडवा बसला.  उरलेल्या बोल्टांवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मागच्या डाव्या चाकाकडं गेला, तिथंही तेच. मग माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "काय झालं?"  टाकीतलं पेट्रोल चिंधीवर घेऊन त्यानं डाव्या बाजूचे सगळे नट, सगळे बोल्ट घासून पुसून काढले. काहीतरी पिवळट लागलं होतं, ग्रीस असावं. तो पुसतोय आणि फौजदार अजून यायचे आहेत! माझं डोकंच सणकलं. पुरावा पुसतोय की हा! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

फौजदारांनी बघितलं, डाव्या अंगाचे सगळे नट ढिले. विचारलं, "नट कुणी आवळले होते?"

दस्तगीर म्हणाला, "म्या. मिस्त्री म्या हाय."

त्यांनी लिहून घेतलं. मी छत्री धरून उभा होतो. मी आवळूनही एवढे ढिले पडले, म्हणजे त्यानं मुळात किती ढिले सोडले असतील!

२४ ऑक्टोबर, मंगळवार

ज्ञानूनं लॉऱ्यांच्या अड्ड्यावर सांगितलं की दसऱ्याला सकाळी हत्यारं गोळा करताना चाकाच्या पान्यावरचं हळदकुंकू पुसलेलं होतं. म्हणजे खंडेनवमीला कुणीतरी पाना उचलला. झालं, सगळ्या लॉरीवाल्यांच्या तोंडी एकच. देवाचा कोप. आणि पूजा कोण मोडणार? "ज्याला आपल्या द्येवाचं काय न्हाय, त्योच की," असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. काल एक गाडी दस्तगीरच्या शेडमधून काढून नेली, आज दोन.

हे बरोबर नाही. पाना त्यानं नाही उचलला. पण मी उचलला म्हणून सांगायचं तरी काय? नटांचा आणि पान्याचा काही संबंध नाही. मी तर आवळायलाच गेलो होतो. सांगितलं तर लोक म्हणणार, ब्राह्मणानं खंडेनवमी मोडली आणि आकारामचा पाय घेतला. झाकली मूठ बरी. चार दिवसांत लोक विसरतील.

पंजे विसर्जनाला निघाले तेव्हा दस्तगीरनं यंदा पंजा उचलला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. तालमीतली पोरं बाजूला होऊन कुजबुजायला लागली, तेव्हा त्यानं आपण होऊनच तो दुसऱ्याच्या हातात दिला म्हणे. मन खात असणार.

कालिंदी आज भांडी घासता घासता म्हणाली, "दस्तगीरभाऊ असं करणार नाहीत." मी म्हटलं, तुला काय माहीत? ती म्हणाली, "मला माहीत नाही. पण तुमच्या सदऱ्याच्या बाहीला हळद होती. सकाळी पूजेच्या वेळी तुम्ही दुसरा सदरा घातला होतात." आणि पुन्हा भांडी घासायला लागली. 

२८ ऑक्टोबर, शनिवार

वाईट झालं आज.

अड्ड्यावर गेलो होतो, गणपतराव भेटतात का बघायला. दस्तगीरही आला होता, एका गाडीवाल्याला परत बोलवायला. ज्ञानूनं त्याला बघितलं आणि सरळ जाऊन थोबाडीत मारली. पन्नाशीचा माणूस. टोपी खाली पडली. "माज्या भावाचा पाय घेतलास! द्येवाचं हत्यार बाटवलंस!" पंधरा-वीस माणसं जमली होती. कुणी मधे पडलं नाही.

दस्तगीरनं ज्ञानूकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. मी घड्याळ बघत होतो. साडेदहा वाजले होते.

त्यानं टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि गेला. मला काही बोलायला सवडच मिळाली नाही. नाही. सवड होती. बोलायला तोंड नव्हतं.

२९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी माळ्यावरून ट्रंक काढली. तीत मोटारखान्यातलं डॉजचं इंग्रजी माहितीपुस्तक आहे, माझ्या हातच्या पुठ्ठ्यानं बांधलेलं. मनात होतं की नट किती आवळावेत ते त्यात लिहिलेलं असेल, फौजदारांना दाखवू, म्हणजे चूक कुणाची ते कागदावर येईल. पाना कुणी उचलला ते नाही, नट कुणी ढिले ठेवले ते मला ठरवायचं होतं.

पान एकशे बारा. तिथं लिहिलंय: डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे आहेत, खूण 'एल' अक्षर. आवळताना डावीकडं फिरवावे. उजवीकडं फिरवल्यास सुटतात.

चार वेळा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

ते नट ढिले नव्हते. पक्के होते. कुईं वाजलं ते पक्के होते म्हणूनच. मी एकेक करून, पाय देऊन, अर्धा अर्धा वेढा, सगळे सोडवले. डावं अंग उलटं, असं तो स्वच्छ मराठीत सांगत होता आणि मी त्याला इंग्रजी शिकवत होतो. इतकी वर्षं हे पुस्तक माझ्या कपाटात होतं. वाचायचं सोडून पुठ्ठा बांधला मूर्खानं.

१ नोव्हेंबर, बुधवार

दवाखान्यात गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो. आकारामचा पाय वर टांगलेला. मला बघून उठायला लागला. म्हणाला, "मिस्त्रीचा हात आसा कधी चुकला न्हवता, अण्णा. म्हातारपन आलं जनू. पर ज्ञान्यानं मारलं त्ये वंगाळ केलं." मी मोसंबी सोलून दिली. दोन मोसंबी सोलली. मग आलो.

भित्रा. दुसरा शब्द नाही.

४ नोव्हेंबर, शनिवार

दस्तगीरच्या शेडमध्ये आता एकच गाडी आहे, आपली, मोडकी. तो एकटाच तिच्या स्प्रिंगचा पाटा चढवत होता. मी फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. येताना मेहमुदा, त्याची बायको, नळावर दिसली. बायकांनी तिची घागर रांगेतून मागं सारली होती. ती मुकाट्यानं मागं जाऊन उभी राहिली.

कालिंदीनं विचारलं, "सांगितलंत?" तिला कुणी सांगितलं की मला काही सांगायचंय? मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, "ओरडा. पण त्या माणसाचं नाव म्हणजे त्याची भाकरी आहे. आपण ती रोज खातोय." 

१० नोव्हेंबर, शुक्रवार. पाडवा.

सगळं नीट लिहितो.

अड्ड्यावर आज तीसेक गाड्या ओळीनं उभ्या होत्या, माळा घातलेल्या. गुळाचा सौदा निघाला होता, गणपतराव, अडते, ड्रायव्हर सगळे होते. मी एका लॉरीच्या फूटबोर्डावर चढलो.  ओरडून म्हटलं, "ऐका! खंडेनवमीला पाना मी उचलला. नट मी सोडवले. दस्तगीरचा काही दोष नाही."

 मग गणपतराव पुढं आले आणि त्यांनी माझा हात धरून मला खाली घेतलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "बघा रं," ते म्हणाले, "ह्येला म्हंत्यात मानूस! आपली गाडी मोडली, तरी जुन्या मिस्त्रीला वाचवायला सोताच्या अंगावर घेतोय. अण्णा, द्येवमानूस तुमी. गाडी हुबी ऱ्हायली की पयली खेप तुमचीच." दोघा-तिघांनी माझ्या पायांना हात लावला.

खरं सांगतो, क्षणभर फार बरं वाटलं. मी खरं बोललो होतो, आणि अब्रूही राहत होती. तिथंच थांबावं असं वाटलं. गणपतराव खेप देत होते! कोण म्हणणार होतं की मी सांगितलं नाही?

मग ज्ञानू मागून म्हणाला, "बघा, बामन आसून मनाचा केवढा. न्हायतर त्यो दस्तगीर." 

माझं पित्त खवळलं. कुणावर खवळलं ते मलाच ठाऊक. शेजारीच आपल्यासारखीच एक डिस्पोजलची डॉज उभी होती. कुणाचा तरी पाना फूटबोर्डावर पडला होता. तो घेतला, डाव्या चाकापाशी बसलो. म्हटलं, "मी कसं केलं ते बघा. सगळ्यांनी बघा." नटावर पाना चढवला, उजवीकडं फिरवून पाय दिला. कुईं. "हे मी आवळतोय! बघा, आवळतोय!" पाना फिरवत राहिलो. एक वेढा, दोन, चार, आणि नट सुटून माझ्या हातात आला. तो वर धरला. "एल म्हणजे लेफ्ट, असं मी समजत होतो. आटे उलटे असतात हे मला ठाऊक नव्हतं. स्टोअरकीपर बावीस वर्षं! दस्तगीर सांगत होता, मी ऐकलं नाही. आणि तीन आठवडे तोंड शिवून बसलो."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसायला लागले. "उलटा अण्णा! आरं, उलटा अण्णा!" गाडीचा मालक ओरडत आला, "माज्या गाडीचं चाक सोडतोय की ह्यो!" ज्ञानू मात्र हसला नाही. त्यानं माझ्या सदऱ्याची कॉलर धरली, हात उगारला, तसाच थांबला, आणि हुंदका देऊन म्हणाला, "म्या कुनाला मारलं, अण्णा? म्या कुनाला मारलं?" गणपतराव माझ्याकडं न बघता निघून गेले.

कुणी बोलावलं होतं कोण जाणे, दस्तगीर आला. त्यानं माझ्या हातातला नट घेतला, मी तो धोतराला पुसून द्यायला पुढं झालो तर त्यानं हात मागं घेतला. बोटानं नट लावला, पाना डावीकडं फिरवून आवळला, पाना मालकाच्या हातात दिला आणि गेला.

मी दवाखान्यात जाऊन आकारामलाही सांगितलं. त्यानं भिंतीकडं तोंड केलं. म्हणाला, "जावा आता."

११ नोव्हेंबर, शनिवार

शेडवर गेलो. दस्तगीर गाडीखाली होता. मी म्हटलं, "मी सगळ्यांना सांगितलं."

"ऐकलं."

"तुला ठाऊक होतं?"

तो बाहेर आला, हात पुसत बसला. "त्याच दिशी. नटाला हळद हुती, कुकू हुतं. वैनींनी लावल्यालं. पान्यावरनं आल्यालं. दुसरं कोन उचलनार? म्या आलो न्हवतो, आकाराम घरी गेलता. आनि उजवीकडं फिरवनारं शानपन तुमचंच."

"मग पुसलंस का? बोलला का नाहीस?"

"फौजदारानं बघितलं आसतं तर तुमी आत गेला आसता. म्हटलं, अण्णा भ्यालेत. आज न्हाय, उद्या आपन हून सांगतील. उद्या न्हाय तर परवा. पंज्याच्या दिशी वाटलं, आता येतील. ज्ञानूनं मारलं तवा तर तुमी समोरच हुतासा." त्यानं चिंधी बाजूला ठेवली. "चूक हुती, अण्णा. माज्या हातनं काय कमी झाल्यात? त्येचं काय न्हाय. म्या तुमची वाट बघत हुतो, ह्येचं वाईट वाटतंय."

मी म्हटलं, माफ कर. तो म्हणाला, "केलं. गाडी हुबी करून देतो, माजा हात लागलाय तिला. पर भागी मोडली."

मी रडलो. तो पुन्हा गाडीखाली गेला.

२७ नोव्हेंबर, सोमवार

गाडी आठ दिवस झाले रस्त्यावर आहे. ज्ञानू चालवतो. त्याच्या पगारातला निम्मा आकारामच्या घरी जातो आणि माझ्या नफ्यातलाही निम्मा. गणपतरावांची खेप मिळाली नाही, मिळायचीही नव्हती. विटा, कौलं, जे मिळेल ते.

आज क्लच ओढायला लागला, म्हणून सकाळीच शेडवर घेऊन गेलो. दुसऱ्या मिस्त्रीकडं जायचा विचारसुद्धा मनात आला नाही. फाटकाबाहेरपर्यंत गाड्यांची रांग होती. गेलेल्या सगळ्या परत आल्यात, दोन-तीन नव्याही. ज्यांनी नावं ठेवली तेच आता "मिस्त्री, मिस्त्री" करत मागं फिरत होते. बरं वाटलं बघून. खरंच बरं वाटलं. मी नेहमीसारखा रांग सोडून सरळ आत गेलो आणि बॉनेटवर हात ठेवून म्हटलं, "दस्तगीर, क्लच ओढतोय रे."

त्यानं मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. नव्या गिऱ्हाइकाशी बोलतात तसं मोकळ्या, मोठ्या आवाजात बोलला.

"या, पावणं. बघू की. तुमचा नंबर सातवा हाय, भाईर बाकावर बसा."

बाकावर ड्रायव्हर लोक बसले होते. त्यांनी सरकून जागा दिली. मी बसलो. चार वाजता माझा नंबर आला.